दप्तर मिळालेली मुलगी सातऱ्यावर का बसली?

वाचकाचं पत्र

नमस्कार ताई,

माझा नागपुरात मसाल्याचा छोटा कारखाना आहे. मूळ गाव भिवापूर तालुक्यातलं. मिरची तिकडूनच घेतो आणि हंगामात काकांच्या जागेवर आमचा स्वतःचा सातराही, म्हणजे वाळलेल्या मिरचीची देठं खुडायची जागा, चालतो. आजूबाजूच्या गावांतल्या बाया देठं खुडायला येतात.

आम्ही आठ-दहा व्यापारी मिळून दर जूनमध्ये पाच गावांच्या शाळांत दप्तरं, वह्या, कंपास वाटतो. वर्षाला अडीच-तीन लाख रुपये खर्च होतात. यंदा जानेवारीत सातऱ्यावर गेलो तर एक तेरा वर्षांची मुलगी आईशेजारी बसून मिरची खुडत होती. डबा ठेवलेलं दप्तर आम्ही वाटलेलंच होतं, आमच्या संघटनेचं नाव छापलेलं. मुनीम म्हणाला, "आठवीत आहे म्हणे. दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळेत गेलीच नाही. आधी कापूस वेचायला जायची, आता महिनाभर इथंच येते."

तेव्हापासून चैन नाही. मुलांना सातऱ्यावर येऊ देऊ नका म्हटलं तर बायाही दुसऱ्या सातऱ्यावर जातील, असं मुनीम म्हणतो. मुख्याध्यापक वर्गासाठी स्मार्ट टीव्ही मागताहेत. सोबतचे व्यापारी म्हणतात, शाळा चालवणं सरकारचं काम आहे. आमच्या पैशातून नेमकं काय करावं? आणि "यात आपल्या धंद्याचा काय फायदा?" असं कुणी विचारलं तर काय सांगू?

– एक मसाला व्यापारी, नागपूर

उत्तर

नमस्कार भाऊ,

आधी सरळ उत्तर देते. येत्या जूनमध्ये दप्तरं वाटू नका. त्या पैशाचा मोठा भाग आठवीतून नववीत जाणाऱ्या मुलामुलींच्या येण्याजाण्यावर आणि गैरहजर मुलांच्या पाठपुराव्यावर लावा. त्याच्याही आधी तुमच्या स्वतःच्या सातऱ्याचं बघा. ते काम तुमच्या हातातलं आहे. त्यासाठी मुख्याध्यापकांची, पंचायत समितीची किंवा कुणा अधिकाऱ्याची परवानगी लागत नाही.

दप्तर नाही म्हणून शाळा सुटलेलं मूल मला क्वचितच भेटलं आहे. पहिली ते आठवीपर्यंत पुस्तकं सरकारकडून मिळतात, गणवेश मिळतो, दुपारचं जेवण मिळतं. तुमचं दप्तर मुलांना आवडतं, त्यांचे चेहरे फुलतात, हे खरंच आहे आणि त्यामागची तुमची भावनाही खरी आहे. पण शाळा सुटते ती दुसऱ्या कारणांनी, आणि त्यातलं एक कारण तुम्ही स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं आहे.

सातरा ज्यांनी पाहिला नाही त्या वाचकांसाठी थोडक्यात सांगते. वाळलेल्या लाल मिरचीचे ढीग, त्याभोवती ओळीने बसलेल्या बाया, नाकातोंडाला बांधलेला पदर किंवा दुपट्टा. एकेक मिरची उचलायची, देठ मोडायचं, मिरची एकीकडे, देठ दुसरीकडे. संध्याकाळी वजन होतं आणि किलोमागे पैसे मिळतात. मजुरी किलोवर आहे, खरी मेख तिथे आहे. रोजावर असती तर मुलीला सोबत बसवून आईच्या हाती जास्तीचं काही पडलं नसतं. किलोवर असल्यामुळे मुलीने खुडलेली प्रत्येक मिरची आईच्या वजनात जाते. वहीत नाव एकट्या आईचं, मुलगी कागदावर कुठेच नसते. म्हणून मालकाला वाटतं, आपण मुलांना कामावर ठेवलेलंच नाही.

दिवस मावळताना या मुलींची बोटं जवळून बघा. नखांच्या कडेने तिखट मुरलेलं असतं. कितीही धुतलं तरी आग जात नाही, डोळ्याला चुकून हात लागला की रात्रभर डोळा चोळत बसायचं. मोठ्या बाया झोपताना हाताला खोबरेल तेल लावून घेतात. तेरा वर्षांची पोर त्याच हाताने दुसऱ्या दिवशी पेन धरेल, अशी अपेक्षा कशी करायची?

कायद्याचंही स्पष्टच सांगते, कारण तुमच्या सोबत्यांना ते ऐकवावं लागेल. बालकामगार कायदा २०१६ मध्ये बदलला. तेव्हापासून १४ वर्षांखालच्या मुलाला कुठल्याही धंद्यात कामाला लावता येत नाही आणि १४ ते १८ वयाच्या मुलांना धोकादायक कामांवर ठेवता येत नाही. घरच्या धंद्यात शाळा सुटल्यावर हातभार लावायची सूट आहे, पण सातरा त्या मुलीच्या आईचा नाही, तुमचा आहे. "आम्ही बोलावलं नव्हतं, ती आईसोबत येते" या उत्तरावर विसंबू नका.

म्हणून मुलांना हाकलायचं का? नाही. तुमचा मुनीम धंद्यातला माणूस आहे, त्याची भीती खोटी नाही. नुसती पाटी लावून मुलं बंद केलीत तर ती आई चार दिवसांत दुसरा सातरा धरेल, मुलगी तिकडे जाऊन बसेल आणि तुमच्या नजरेआड होईल. आई मुलीला का आणते हे आधी विचारा. साधारण तीन उत्तरं मिळतील. एक, वजन वाढतं. दुसरं, घरी दीड-दोन वर्षांचं लहान लेकरू आहे, त्याला सांभाळायला मोठी मुलगी लागते. मग दोघांनाही सोबत आणते आणि मोठी हळूहळू देठं मोडायला लागते. तिसरं उत्तर मी या भागात सगळ्यात जास्त वेळा ऐकलं आहे: "वयात आलेली पोर घरी एकटी कशी ठेवू?"

तिन्हींचा इलाज वेगवेगळा आहे. वजनाचं गणित तुमच्या मुनीमाच्या वहीतच आहे. मुलगी यायच्या आधी त्या आईचं रोजचं वजन किती होत होतं आणि मुलगी यायला लागल्यावर किती व्हायला लागलं, हे काढा. तेवढ्या फरकाचे पैसे त्या घराला दुसऱ्या वाटेने मिळाले पाहिजेत. सोपी वाट म्हणजे खुडाईचा दर थोडा वाढवणं आणि दर वाढवतानाच स्पष्ट सांगणं की या वाढलेल्या दरात मुलं सातऱ्यावर बसणार नाहीत. सगळ्या बायांना एकच दर, एकच अट. फक्त मुलं आणणाऱ्यांनाच जादा पैसे दिलेत तर बाकीच्यांवर अन्याय होईल आणि पुढच्या वर्षी जास्त मुलं येतील.

लहान लेकरांसाठी पाळणाघर करा. त्याला मोठा खर्च नाही. ढिगांपासून दूर, जिथे तिखटाची धूळ येणार नाही अशी एक खोली किंवा मांडव, चटया, पिण्याचं पाणी, आणि गावातलीच एखादी वयस्क बाई दिवसाच्या मजुरीवर. अंगणवाडीत तीन वर्षांच्या पुढची लेकरं बसतात आणि ती दुपारी सुटते. सातरा मात्र संध्याकाळपर्यंत चालतो. मधले हे तास आणि तीन वर्षांखालची लेकरं यांच्यासाठीच मोठ्या बहिणी घरी राहतात. एका पाळणाघराने किती मुली शाळेत परततील हे मी छातीठोकपणे सांगणार नाही, पण तुमच्या तीन लाखांत यापेक्षा नेमकं काम मला दिसत नाही.

एकट्याने हे सुरू केलंत तर दराच्या बाबतीत तुम्ही मार खाल. म्हणून हंगामाआधी, दिवाळीच्या सुमारास, आसपासच्या सातरेवाल्यांना एकत्र बसवा. सगळ्यांनी एकच नियम धरला तर बाया इकडच्या तिकडे जाणार नाहीत. भिवापूरच्या मिरचीला भौगोलिक मानांकन आहे. ते नाव आपल्या पाकिटावर छापणाऱ्या प्रत्येकाने ही मिरची कुणाच्या हातांनी खुडली याची जबाबदारीही घ्यायला हवी, असं मला मनापासून वाटतं.

आता त्या मुलीबद्दल. तिच्यासाठी पुढच्या जूनची वाट बघू नका. आठवीची वार्षिक परीक्षा एप्रिलच्या आसपास असते, अजून वेळ आहे. तुम्ही एकटे तिच्या घरी जाऊ नका; मालक दारात आला की आई घाबरेल आणि तुम्ही म्हणाल त्याला "हो जी" म्हणून मोकळी होईल. शाळेतल्या बाईंना आणि गावातल्या आशाताईंना सोबत घ्या, किंवा त्यांनाच पुढे करा. शाळेने नाव कमी केलं असेल तरी हरकत नाही. शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. त्याप्रमाणे ६ ते १४ वयाच्या मुलाला वर्षाच्या मध्येही प्रवेश नाकारता येत नाही, वयाप्रमाणे वर्गात बसवायचं असतं आणि मागे राहिलेल्या अभ्यासासाठी वेगळं शिकवायचं असतं. मागच्या शाळेचा दाखला यायला उशीर झाला म्हणून मुलाला थांबवता येत नाही. हे मुख्याध्यापकांना माहीत असतं, फक्त कुणीतरी शांतपणे आठवण करून द्यावी लागते. ती परत वर्गात बसली की पहिले पंधरा दिवस जपावं लागतं. इतर मुली पुढे गेलेल्या असतात, तिला काही येत नाही, हसं होतं, आणि मग ती दुसऱ्यांदा जाते ती कायमचीच. त्या पंधरा दिवसांत तिच्याजवळ रोज तासभर बसणारं कुणीतरी मिळवा. गावातली बारावी झालेली मुलगी चालेल.

शाळा एका दिवसात सुटत नाही. आधी सोमवार बुडतो, मग बाजाराचा दिवस, मग सोयाबीन काढणीचा आठवडा, मग कापसाच्या वेचणीचा महिना. महिनाभर सलग न आलेलं मूल शाळाबाह्य धरतात. पण महिना उलटल्यावर शोधायला निघालं तर उशीर झालेला असतो. तोवर त्या मुलाची मजुरी घरच्या हिशोबात बसलेली असते. तिसऱ्या दिवशी कुणी दारात गेलं तर बरंच काही वाचतं. शिक्षकांकडून हे होत नाही असं म्हणून त्यांना दोष देऊ नका. दोन शिक्षकी शाळेत चार वर्ग, शिवाय माहिती भरायची, सर्वेक्षणं करायची, बैठकांना जायचं. गैरहजर मुलाच्या घरी जायला त्यांच्याकडे वेळ उरत नाही.

इथे तुमचा पैसा उपयोगी पडेल. पाचही गावांत बचत गटातली एकेक बाई निवडा. शक्यतो तिची स्वतःची मुलं त्याच शाळेत असावीत. तिचं काम एवढंच: रोज शाळेतून गैरहजर मुलांची नावं घ्यायची आणि तीन दिवस सलग न आलेल्या मुलाच्या घरी त्याच संध्याकाळी जायचं. उपदेश करायचा नाही, कारण विचारायचं आणि वहीत लिहायचं. महिन्याला दोन हजार मानधन धरलं तर पाच जणींचे शाळेच्या दहा महिन्यांचे एक लाख रुपये होतात. त्या वह्या तीन महिन्यांनी वाचा. कुठल्या गावात मुलं कापसामुळे बसतात, कुठे पाण्यामुळे, कुठे बसमुळे, हे तुम्हाला कुठल्याही अहवालापेक्षा चांगलं कळेल, आणि पुढचे पैसे कुठे लावायचे हा प्रश्न तुम्हाला मला विचारावा लागणार नाही. ही नेमणूक मात्र तुमच्या संघटनेच्या नावाने करू नका. प्रत्येक शाळेत शाळा व्यवस्थापन समिती असते, कायद्याने तिच्यात किमान पाऊणभाग पालक आणि निम्म्या महिला असाव्या लागतात. काही गावांत ती फक्त सह्यांपुरती आहे. तुमचे पैसे तिच्या ठरावाने खर्च होऊ लागले की समितीच्या बैठकीला लोक यायला लागतील.

आता आठवी-नववीच्या वळणाकडे येते, कारण खरी गळती तिथे आहे. २०२१-२२ च्या सरकारी आकडेवारीत देशभरात पहिली ते पाचवीत गळती १.५ टक्के होती, सहावी ते आठवीत ३ टक्के, आणि नववी-दहावीत १२.६ टक्के. एकदम चौपट. त्याचं कारण तुमच्या पाच गावांतही दिसेल. जिल्हा परिषदेची शाळा बहुतेक गावांत चौथी किंवा सातवीपर्यंत असते, पुढचं हायस्कूल तालुक्याला किंवा मोठ्या गावाला. आठवीनंतर दुपारचं जेवण बंद, मोफत पुस्तकं बंद, १४ वर्षं पूर्ण झाली की शिक्षण हक्काच्या कायद्याचं संरक्षणही संपतं. आणि नेमकं त्याच वर्षी बसचा प्रवास सुरू होतो, खर्च वाढतो, मुलाच्या अंगात मजुरीचं बळ येतं, मुलीच्या लग्नाची कुजबुज सुरू होते. आजपर्यंतचे सगळे आधार एकाच उन्हाळ्यात सुटतात. तुम्ही दप्तर देता पहिलीच्या मुलाला. हात द्यायला हवा तो आठवी पास झालेल्याला.

ग्रामीण भागातल्या मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेत बारावीपर्यंत एसटीचा पास फुकट मिळतो, मुलांना विद्यार्थी पासात दोन तृतीयांश सवलत असते. म्हणजे तिकिटाचा प्रश्न बऱ्यापैकी सुटलेला आहे. अडतं ते वेळेवर. शाळा पाचला सुटते आणि गावाकडची गाडी साडेसहा-सातला. तोवर मुली बसस्टँडवर उभ्या. हिवाळ्यात घरी पोचेपर्यंत अंधार पडतो, आणि उमरेड-कऱ्हांडला अभयारण्याच्या कडेच्या गावांत फाट्यापासून गावापर्यंत अंधारात चालायचं म्हणजे वाघाची भीती ही काही कल्पना नाही. नागपूर-नागभीडची नॅरोगेज गाडी २०१९ मध्ये ब्रॉडगेजच्या कामासाठी बंद झाली, तेव्हा उमरेड-भिवापूर मार्गावरची एक स्वस्त सोयही गेली. बाप मुलीला घरी बसवतो तो शिक्षणाचा वैरी म्हणून नाही. त्याला त्या दीड तासाची धास्ती आहे.

यासाठी पहिल्यांदा पैसे काढू नका, अर्ज करा. कोणत्या गावातून किती मुली, शाळा किती वाजता सुटते, गाडी किती वाजता हवी, याची यादी करा. त्याला ग्रामसभेचा ठराव आणि शाळेचं पत्र जोडा आणि आगार व्यवस्थापकांना भेटा. आठ-दहा व्यापारी सोबत गेले की त्या अर्जाला वजन येतं. एकट्या मुख्याध्यापकांच्या पत्राला येत नाही. फेरीची वेळ अर्धा-पाऊण तास पुढेमागे करणं आगाराला जमतं, नवी फेरी मिळणं कठीण. मानव विकास कार्यक्रमात मुलींसाठी बस आणि सायकली आहेत. तुमचा तालुका आणि तुमची गावं त्यात बसतात का, ते पंचायत समितीच्या शिक्षण विभागात विचारा. एवढं करूनही ज्या एक-दोन गावांची सोय होणार नाही, तिथे तुमचे पैसे लावा: गावातल्याच एखाद्या गाडीवाल्याशी परतीच्या फेरीचा महिन्याचा करार. सकाळी मुली एसटीने जाऊ शकतात. संध्याकाळचा परतीचा प्रवास महत्त्वाचा. गाडीचे कागद, परवाना, विमा, आणि आत किती मुली बसवायच्या हे तुम्ही स्वतः बघा.

सायकली देणार असाल तर सोबत दुरुस्तीचंही बघा. सायकल मिळते, तीन महिन्यांत ट्यूब जाते, घरी पैसे नसतात आणि ती भिंतीला टेकून राहते. गावातल्या पंक्चरवाल्याला वर्षाचे ठरावीक पैसे देऊन ठेवलेत तर सायकली रस्त्यावर राहतील.

मुलग्यांचं दुखणं वेगळं आहे आणि त्याकडे आपलं लक्ष कमी जातं. पंधरा वर्षांचा मुलगा ट्रॅक्टरवर बसतो, मोबाइलच्या दुकानात लागतो, बुटीबोरीला ठेकेदाराकडे जातो. रोख पैसा हातात येतो, घरात मान मिळतो. त्याला "शिक, मोठा होशील" असं सांगून काही होत नाही. दहावीनंतर काय करता येईल हे त्याला डोळ्यांनी दिसलं पाहिजे. तुमच्या कारखान्यात इलेक्ट्रिशियन आहे, मशीन ऑपरेटर आहे, हिशोब बघणारा आहे, प्रयोगशाळेत मिरचीचा नमुना तपासणारा कुणी असेल. नववीच्या मुलांना एक दिवस कारखाना दाखवा, आणि या लोकांनाच बोलू द्या: मी दहावीनंतर आयटीआय केली, अमुक ट्रेड घेतला, एवढा पगार मिळतो. जो दहावी पास होऊन आयटीआय करेल त्याला अप्रेंटिस म्हणून घेऊ, एवढं वचन तुम्ही देऊ शकलात तर द्या. पण ते पाळता येणार असेल तरच.

जे आधीच बाहेर पडले आहेत, सोळा-सतरा वर्षांचे झाले आहेत, त्यांना लहान मुलांसोबत बाकावर बसवायचा आग्रह धरू नका. दहावीसाठी १७ नंबरचा फॉर्म आहे, मुक्त विद्यालय आहे. फॉर्मच्या तारखा निघून जातात आणि कुणाला कळतही नाही. तुमच्या संघटनेने तारखांवर लक्ष ठेवलं, फी भरली आणि आठवड्यातून दोन संध्याकाळी गणित-इंग्रजीला कुणी शिकवायला दिलं, तर दरवर्षी काही मुलं नक्की निघतील.

ज्या मदतीचा फोटो निघत नाही अशी एक मदत माझ्या मते फार मोलाची आहे, ती म्हणजे कागदपत्रं. उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, आधारमधली चुकलेली जन्मतारीख, बँकेचं बंद पडलेलं खातं. एवढ्यासाठी शिष्यवृत्त्या अडतात आणि हक्काचे पैसे पडून राहतात. वडील गेलेल्या किंवा एकाच पालकाने सांभाळलेल्या मुलांना बालसंगोपन योजनेत महिन्याला २,२५० रुपये मिळू शकतात. आपल्या विदर्भात अशी घरं किती आहेत हे मी तुम्हाला सांगायला नको. त्यातल्या अनेक आयांनी या योजनेचं नावही ऐकलेलं नसतं. तुमच्याकडे हिशोबाचं, फॉर्म भरण्याचं काम रोज करणारी माणसं आहेत. महिन्यातून एक दिवस त्यांना गावात बसवा. अर्ज भरून सोडून देऊ नका, मंजूर होईपर्यंत पाठपुरावा करा.

पाठपुराव्यात कुठे अठराखालच्या मुलीचं लग्न ठरल्याचं कळलं तर गावातल्या भांडणात तुम्ही पडू नका. १०९८ या चाइल्डलाइनच्या नंबरवर कळवा, ग्रामसेवक आणि अंगणवाडी सेविकेला सांगा.

स्मार्ट टीव्हीचं काय? मुख्याध्यापकांना मान देऊन सांगा की आधी मुलं वर्गात आणू, मग टीव्ही. मुलींच्या शौचालयात पाणी येतं का, दाराला कडी आहे का, हे मात्र त्याच भेटीत बघून या. नसेल तर तो खर्च लगेच करा, त्यासाठी बैठकीची वाट बघू नका.

सरकारचं काम आपण का करायचं, हा तुमच्या सोबत्यांचा प्रश्न रास्त आहे. शाळा, शिक्षक, इमारत हे सरकारचंच काम आहे आणि ते आपण अंगावर घेऊही नये. २०२३ मध्ये निघालेल्या दत्तक शाळा योजनेत ग्रामीण शाळेसाठी पाच वर्षांना पन्नास लाखांचा हिशोब होता. ते तुमच्या आवाक्यातलं नाही आणि तुम्हाला त्याची गरजही नाही. कंपनी कायद्याने नफ्याच्या २ टक्के सामाजिक खर्चाचं बंधन मोठ्या कंपन्यांवर आहे, म्हणजे ५०० कोटींची निव्वळ मालमत्ता (नेट वर्थ), १,००० कोटींची उलाढाल किंवा ५ कोटींचा नफा असलेल्यांवर. तुम्ही त्यात येत नाही. पण उमरेडला वेस्टर्न कोलफिल्ड्सच्या खाणी आहेत, मौद्याला एनटीपीसीचा प्रकल्प आहे, बुटीबोरीला कितीतरी मोठे कारखाने आहेत. वर्षभराच्या वह्या, गावनिहाय यादी आणि समितीचा ठराव घेऊन त्यांच्याकडे गेलात तर "आमच्या गावासाठी काहीतरी करा" असं सांगावं लागणार नाही. अमुक गावातल्या इतक्या मुलींना अमुक वाजता गाडी हवी, असं नेमकं मागता येईल. त्यांच्याकडे सरकारी शाळांवर खर्च करायला पैसे असतात. नेमकी गरज लिहून देणारं कुणी नसतं.

राहिला धंद्याच्या फायद्याचा प्रश्न. तुमच्या सोबत्यांना खोटं आश्वासन देऊ नका. पुढच्या हंगामात खुडाईचा दर वाढेल, पाळणाघराचा खर्च येईल, आणि तो कुठल्याही मार्गाने लगेच परत मिळणार नाही. मिरची बाहेर पाठवणाऱ्या किंवा मोठ्या कंपन्यांना माल देणाऱ्या व्यापाऱ्याला मात्र आज ना उद्या विचारलं जाणारच आहे की तुमच्या मालात मुलांचे हात आहेत का. तेव्हा वही दाखवता आली तर बरं पडेल. दहा वर्षांनी तुम्हाला यंत्रावर बसणारी, हिशोब समजणारी गावातलीच माणसं मिळतील, हेही शक्य आहे. पण हे सांगून जो तयार होईल तो पहिल्या तोट्याला मागे हटेल. त्यापेक्षा मुनीमाची वही बैठकीत उघडून ठेवा आणि त्या आईच्या वजनाचे दोन आकडे मोठ्याने वाचा. मधला फरक तेरा वर्षांच्या मुलीच्या मजुरीचा आहे आणि आजपर्यंत आपण सगळे तो विकत घेत आलो आहोत, एवढं सांगा. आठ-दहा जणांतले तीन-चार तरी तुमच्याबरोबर येतील, आणि पहिल्या वर्षी दोन गावांसाठी तेवढे पुरतात.